निळ्या सदऱ्यातील नौकावीर

कॅनडा देशातील टोरांटो हे शहर ओंटारिओ नावाच्या विशाल सरोवराच्या काठी वसले आहे. सरोवर म्हणजे तळेच खरे. पण हे तळे इतके मोठे की, वादळ सुटले म्हणजे त्यावर समुद्रासारख्या लाटा उसळतात. शहरासमोर, बंदराच्या पाण्यापलीकडे, वाळूची एक लांब पट्टी आहे. पूर्वी ती जमिनीला जोडलेली होती. १८५८ सालच्या एप्रिल महिन्यात मोठे तुफान झाले, लाटांनी त्या पट्टीचा चिंचोळा भाग फोडून काढला आणि तिचे बेट बनले. पुढे ह्याच बेटावर जॉन हॅनलन नावाचा एक आयरिश वंशाचा कोळी आपल्या कुटुंबासह येऊन राहिला. त्याच्या मुलाचे नाव एडवर्ड. त्याचा जन्म १२ जुलै १८५५ रोजी टोरांटो येथे झाला होता. घरची माणसे त्याला नेड म्हणत, आणि पुढे साऱ्या जगाने त्याला ह्याच नावाने ओळखले.

बेटावर शाळा नव्हती, बाजार नव्हता. शाळेत जायचे तर बंदराचे पाणी ओलांडून जायचे, आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. बापाने पकडलेली मासळी शहरात पोहोचवायची, तीही होडीतूनच. इतर मुले ज्या वयात रस्त्यावरून धावायला शिकतात, त्या वयात नेडच्या हाती वल्ही आली. वारा कोणत्या दिशेचा आहे, लाट कशी अंगावर घ्यावी, दमलेल्या हातांनी उरलेले पाणी कसे काटावे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. अगदी लहानपणी त्याने एका जाड फळीची दोन्ही टोके तासून निमुळती केली, तिच्यावर बसायला जागा केली, वल्ही टेकवण्याची सोय केली आणि ती फळीच शर्यतीची होडी म्हणून पाण्यात लोटली, अशी आठवण टोरांटोचे लोक पुढे कौतुकाने सांगत.

नेडला असा नाद का लागावा, हे समजण्यासाठी त्या काळातील नौकाशर्यतींची थोडी माहिती असली पाहिजे. आपल्याकडे होडीत बसून वल्हवणारा माणूस कोळी असतो किंवा नावाडी असतो. इंग्लंडातही तसेच होते. लंडन शहरातून वाहणाऱ्या थेम्स नदीवर पूर्वी पूल थोडे होते आणि उतारूंना नदीपार नेणारे नावाडी पुष्कळ होते. त्यांच्यात कोण अधिक चपळ, ह्यासाठी चुरस लागे. तरुण नावाड्यांसाठी १७१५ साली सुरू झालेली एक शर्यत आजतागायत चालू आहे. हळूहळू ह्या चुरशीला पैजेचे रूप आले. एका माणसाने दोन हातांत दोन वल्ही घ्यावी, समोर एकच प्रतिस्पर्धी असावा, दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांनी ठरलेली रक्कम मांडावी आणि जो जिंकेल त्याने ती न्यावी, असा हा प्रकार होता. थेम्सच्या नावाड्यांना उत्तर इंग्लंडातील टाइन नदीवरचे गडी आव्हान देऊ लागले. टाइनच्या काठचा हॅरी क्लॅस्पर हा त्यांचा अग्रणी. होडीच्या काठाबाहेर लोखंडी दांड्या काढून त्यांच्या टोकांना वल्ही बसवण्याची रीत त्याने प्रचारात आणली. त्यामुळे होडी अरुंद करता येऊ लागली आणि वल्ह्याला जोरही अधिक मिळू लागला. १८७० साली क्लॅस्पर वारला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला लाखभर माणसे जमली होती, असे सांगतात. आज ज्याप्रमाणे क्रिकेटपटूंची नावे मुलांच्या तोंडी असतात, त्याप्रमाणे त्या काळी ह्या वल्हवणाऱ्यांची नावे इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया ह्या देशांतील मुलांच्या तोंडी असत.

ही माणसे सारी कष्टकरी होती. कोणी नावाडी, कोणी कोळशाच्या खाणीतला मजूर, कोणी लोहार. उच्चभ्रू लोकांच्या नौकास्पर्धांत त्यांना मज्जाव होता. थेम्सवरील हेन्ली येथील प्रसिद्ध स्पर्धेत तर, हातांनी काम करून मजुरी मिळवणाऱ्याला प्रवेश नाही, असा नियमच १८७९ साली करण्यात आला, आणि तो १९३७ पर्यंत टिकला. तेव्हा ज्याच्या अंगी बळ आहे पण घरी पैसा नाही, त्याला पैजेची शर्यत हाच एक मार्ग उघडा होता. ह्या मार्गाने धन मिळे, कीर्ती मिळे. पण त्याच मार्गावर जुगारी आणि लबाड लोकही दबा धरून बसलेले असत. नेड हॅनलनला आयुष्यभर ह्या दोहोंशी गाठ घालावी लागली.

शर्यतीची होडी ही मोठी विलक्षण वस्तू असते. लांबी सुमारे तीस फूट आणि रुंदी जेमतेम फूटभर. तिच्यात नुसते बसणे हीसुद्धा एक कसरतच. जरा तोल गेला की माणूस पाण्यात. शिवाय वल्हवणारा तिच्यात उलट्या तोंडाने बसतो. होडी पुढे जाते, पण त्याचे तोंड मागे असते. ह्यामुळे एक मौज होते. जो पुढे असतो त्याला मागे पडलेला प्रतिस्पर्धी सतत डोळ्यांसमोर दिसतो. जो मागे पडतो त्याला मात्र पुढचा दिसत नाही. त्याच्या वल्ह्यांचा आवाज तेवढा पाठीमागून कानी येत राहतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे हॅनलनच्या पुढील कथेतील बराच भाग नीट उमगेल.

हॅनलन वयात आला तेव्हा त्याची उंची पाच फूट नऊ इंचांच्या आत होती आणि वजन दीडशे पौंडांच्या थोडे पुढे होते. त्याच्या क्षेत्रात हे वजन अगदी हलके समजले जाई. त्याचे बहुतेक प्रतिस्पर्धी त्याहून उंच आणि धिप्पाड असत. मग तो त्यांना कसा हरवी? ह्याचे उत्तर त्याच्या बैठकीत होते. पूर्वी होडीतील बैठक एका जागी पक्की बसवलेली असे; वल्हवणारा आपली कंबर आणि हात ह्यांच्या बळावर वल्हे ओढी. १८७० च्या सुमारास अमेरिकेत आणि इंग्लंडात मागेपुढे सरकणारी बैठक निघाली. ती हॅनलनने शोधून काढली नव्हती. पण तिचे खरे मर्म प्रथम त्याला कळले. इतर खेळाडू नव्या बैठकीवर बसूनही जुन्याच रीतीने पाठ वाकवून ओढत राहिले. हॅनलनने पाहिले की, बैठक सरकते म्हणजे पायांना काम मिळते. आणि माणसाच्या शरीरात पायांइतके बळ दुसऱ्या कशातही नाही. तो गुडघे दुमडून पुढे सरके, वल्ही दूरवर पाण्यात घाली आणि मग पायांनी रेटा देऊन सारे शरीर मागे नेई. त्याच्या वल्ह्याचा प्रत्येक फटकारा लांब आणि सारखा असे. धिप्पाड प्रतिस्पर्धी पाणी ढवळून काढीत, घामाघूम होत. आणि हा मोजकेच फटकारे मारून त्यांच्या पुढे निघून जाई. काठावरून पाहणाऱ्यांना वाटे की, हा मुळी श्रमच करीत नाही.

१८७३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, टोरांटोच्या बंदरातील हौशी वल्हवणाऱ्यांत तो पहिला आला. त्यानंतर तो पैजेच्या शर्यतींत उतरला. त्याचा बाप आता बेटावर खानावळवजा हॉटेल चालवीत होता. १८७६ साली अमेरिकेला स्वातंत्र्य मिळून शंभर वर्षे झाली, आणि त्यानिमित्त फिलाडेल्फिया शहरी मोठे प्रदर्शन भरले व नौकास्पर्धाही झाल्या. ह्या स्पर्धांना निघण्याच्या वेळची एक गोष्ट सांगतात, ती काही हॅनलनला भूषणावह नाही. हॉटेलासाठी परवान्यावाचून दारू नेल्याच्या आरोपावरून पोलीस त्याच्या शोधात होते. ते धरायला आले, तोच नेडने होडीत उडी टाकली आणि बंदराबाहेर निघालेल्या एका आगबोटीला गाठून तो अमेरिकेला निसटला. पोलिसांना त्याच्यामागे वल्हवून त्याला धरणे कसे जमणार! फिलाडेल्फियाला त्याने नामांकित खेळाडूंना मागे टाकून पहिले पारितोषिक मिळवले. तो परतला तेव्हा सारे शहर त्याच्या स्वागताला लोटले आणि जुन्या आरोपाची आठवण कोणी काढली नाही. विजयाच्या गुलालात दोष झाकला जातो, तो असा.

त्यानंतर टोरांटोतील काही धनिकांनी एक मंडळ स्थापून त्याच्या शर्यतींचा खर्च आणि पैजांचा भार उचलला. १८७७ साली त्याने न्यू ब्रन्सविकच्या वॉलेस रॉसला हरवून कॅनडाचे अजिंक्यपद घेतले, आणि १८७८ साली पिट्सबर्गजवळ इव्हान मॉरिसला हरवून अमेरिकेचे. निळा सदरा आणि डोक्याला गुंडाळलेला फडका हा त्याचा ठरलेला वेष होता, आणि लोक त्याला निळ्या वेषातला पोरगा म्हणू लागले होते.

पुढच्या वर्षी तो इंग्लंडला गेला. १६ जून १८७९ रोजी टाइन नदीवर इंग्लंडचा अजिंक्यवीर विल्यम इलियट ह्याच्याशी त्याची गाठ पडली. ज्या नदीने क्लॅस्परसारखे वीर निर्माण केले, त्याच नदीवर, त्याच लोकांच्या डोळ्यांदेखत, ह्या परक्या पोराने इलियटला अकरा होड्यांच्या लांबीने मागे टाकले. तो परत आला तेव्हा टोरांटोच्या बंदरातून आगबोटींचा ताफा त्याला सामोरा गेला. कॅनडा हे संघराज्य तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते. त्या देशाला स्वतःचे असे वीरपुरुष फारसे नव्हते. कोळ्याचा हा मुलगा इंग्लंडला जाऊन जिंकून आला, ह्याचा लोकांना केवढा अभिमान वाटला असेल!

पण ह्याच काळात त्याच्या कीर्तीला एक डाग लागू पाहत होता. न्यूयॉर्क संस्थानातील चार्ल्स कोर्टनी नावाचा एक सुतार उत्तम वल्हवत असे. १८७८ सालच्या ऑक्टोबरात मॉन्ट्रिअलजवळ लाशीन येथे हॅनलनने त्याला जेमतेम सव्वा लांबीने हरवले. अंतर इतके थोडे पडले की, शर्यतीचा निकाल आधीच ठरला होता, अशी कुजबूज सुरू झाली. ती मिटवण्यासाठी पुन्हा शर्यत ठरली. १८७९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात शटाक्वा सरोवरावर हजारो लोक जमले. एका औषध-कंपनीने सहा हजार डॉलरांचे बक्षीस लावले होते. त्या काळी मजुराला दिवसभर राबून एक-दीड डॉलर मिळे. ह्यावरून ह्या रकमेचा अंदाज येईल. शर्यतीच्या दिवशी सकाळी पाहतात तो कोर्टनीच्या होड्या ज्या घरात ठेवल्या होत्या, तेथे त्या करवतीने मधोमध कापलेल्या आढळल्या!

दुसरी होडी घेऊन शर्यत करावी, असे कोर्टनीला सुचवण्यात आले. त्याने नकार दिला. मग ठरलेल्या वेळी हॅनलन एकटाच पाण्यात उतरला आणि त्याने सारे अंतर एकट्यानेच वल्हवून पुरे केले. समोर कोणी नाही, मागे कोणी नाही. काठावर संतापलेली गर्दी. होड्या कोणी कापल्या? कोणी म्हणे, हॅनलनवर पैसे लावणाऱ्या जुगाऱ्यांनी. कोणी म्हणे, हरण्याची भीती वाटणाऱ्या कोर्टनीच्याच माणसांनी. ह्याचा उलगडा कधीही झाला नाही. हॅनलनविरुद्ध काहीच पुरावा नव्हता. पण पैजेच्या खेळात संशय हा चिखलासारखा असतो. तो जवळ उभ्या असलेल्या सर्वांच्या अंगावर उडतो. पुढच्या मे महिन्यात वॉशिंग्टन शहरी पोटोमॅक नदीवर दोघांची शर्यत खरोखरच झाली. कोर्टनी वाटेतच थकून थांबला आणि हॅनलन सहज जिंकला. एवढे होऊनही लोकांच्या मनातील ती किल्मिषे पुरती धुतली गेली नाहीत.

जगाचे अजिंक्यपद ह्या वेळी एडवर्ड ट्रिकेट ह्या ऑस्ट्रेलियन खेळाडूकडे होते. ट्रिकेट सिडनीचा राहणारा. दगडाच्या खाणीत काम केलेला. उंची सहा फुटांहून बरीच अधिक, खांदे रुंद. १८७६ साली त्याने थेम्सवर जोसेफ सॅडलरला हरवले आणि हे पद प्रथमच इंग्लंडबाहेर नेले. १५ नोव्हेंबर १८८० रोजी थेम्स नदीवर, पटनीपासून मॉर्टलेकपर्यंतच्या सव्वाचार मैलांच्या मार्गावर, हॅनलन आणि ट्रिकेट समोरासमोर आले. नदीचे दोन्ही काठ आणि पूल माणसांनी भरून गेले होते. ऑस्ट्रेलियात ट्रिकेटवर आणि कॅनडात हॅनलनवर लोकांनी आपली पुंजी लावली होती.

शर्यत सुरू होऊन फार वेळ गेला नाही तोच हॅनलन पुढे झाला. मग त्याने जे केले, ते पाहून लोक थक्क झाले. तो मध्येच थांबे, काठावरच्या लोकांकडे पाहून हात हलवी, ट्रिकेट जवळ आला की पुन्हा चार लांब फटकारे मारून पुढे जाई. एकदा तर तो एकाएकी होडीत कोसळल्यासारखा पडला. ह्याच्या नऊच वर्षे आधी इंग्लंडचा वीर जेम्स रेनफोर्थ कॅनडात शर्यत चालू असतानाच कोसळून मरण पावला होता. लोकांच्या तोंडून हाय हाय असे उद्गार निघाले. तोच हॅनलन हसत उठून बसला, त्याने वल्ही उचलली आणि होडी पुन्हा बाणासारखी सुटली! शेवटी तो तीन लांबींनी जिंकला. कॅनडाच्या एका खेळाडूने जगज्जेतेपद मिळवले.

हॅनलनचा हा खेळकरपणा लोकांना फार आवडे. त्यात थोडा व्यवहारही होता. फार मोठ्या फरकाने जिंकले तर पुढच्या वेळी कोणी पैज लावायला तयार होत नाही, हे तो जाणून होता. तरी ह्या साऱ्या वेळी ट्रिकेटला काय वाटत असेल? तो मान खाली घालून जीव तोडून वल्हवत होता. पुढे काय चालले आहे, ते त्याला दिसत नव्हते. काठावरच्या हशाचा आवाज मात्र ऐकू येत होता. सामर्थ्यवान माणसाने प्रतिस्पर्ध्याला हरवावे, ह्यात काही वावगे नाही. त्याची थट्टा करावी, हे मात्र सर्वांनाच रुचण्यासारखे नव्हते.

त्यानंतरची साडेतीन वर्षे हॅनलनच्या वैभवाची होती. त्याने सहा वेळा आपले पद राखले. ऑस्ट्रेलियाचा लेकॉक, टाइनचा बॉइड, पुन्हा ट्रिकेट, बोस्टनजवळ केनेडी, सेंट लॉरेन्स नदीवर त्याचा जुना प्रतिस्पर्धी रॉस, असे एकामागून एक वीर आले आणि मागे पडले. १८८४ साली तो पॅसिफिक महासागर ओलांडून ऑस्ट्रेलियाला गेला. तेथे मे महिन्यात नेपियन नदीवर त्याने लेकॉकला पुन्हा हरवले. आता त्याला हरवणारा पृथ्वीवर कोणी उरला नाही, असेच सर्वांना वाटू लागले.

सिडनीच्या दक्षिणेस डॅप्टो नावाचे एक खेडे होते. तेथे विल्यम बीच नावाचा एक लोहार होता. त्याचा जन्म इंग्लंडात १८५० साली झाला. लहानपणीच तो आईबापांबरोबर ऑस्ट्रेलियात आला. भात्यापुढे घण मारून त्याचे दंड आणि पाठ पोलादासारखी झाली होती. जवळच्या इलावारा सरोवरावर तो वल्हवायला शिकला. पण मोठ्या शर्यतींत तो नावारूपास आला तो तिशी उलटल्यावर. बोलणे थोडे, वागणे साधे. हॅनलनप्रमाणे लोकांना हसवण्याची कला त्याच्याजवळ नव्हती. मात्र सरकत्या बैठकीचे जे मर्म हॅनलनने जगाला दाखवले होते, ते एव्हाना इतरांनीही आत्मसात केले होते. हॅनलनची कला आणि लोहाराचे बळ ही दोन्ही ज्याच्या ठायी एकत्र आली, असा प्रतिस्पर्धी आता त्याच्यापुढे उभा होता.

१६ ऑगस्ट १८८४ रोजी सिडनीजवळ पॅरामॅटा नदीवर शर्यत झाली. ऑगस्ट म्हणजे तिकडे हिवाळा. काठावर आणि आगबोटींवर हजारोंचा समुदाय लोटला होता. आरंभी नेहमीप्रमाणे हॅनलन पुढे होता, आणि बीचची रुंद पाठ त्याच्या डोळ्यांसमोर होती. परंतु ती पाठ नेहमीप्रमाणे लहान लहान होत गेली नाही. ती जवळ येऊ लागली. हॅनलनने जोर केला, बीचनेही केला. होड्या बरोबरीस आल्या, आणि मग बीचची होडी हळूहळू पुढे सरकून हॅनलनच्या नजरेआड गेली. अजिंक्यपदाच्या शर्यतीत पूर्वी कधी न आलेला अनुभव त्याला आला. डोळ्यांसमोर मोकळे पाणी होते आणि प्रतिस्पर्ध्याच्या वल्ह्यांचा आवाज पाठीमागून येत होता. ह्या वेळी तो कोठे थांबला नाही, त्याने कोणाला हात हलवला नाही. शेवटपर्यंत तो वल्हवत राहिला, पण बीच बऱ्याच लांबींनी जिंकला. एक आगबोट वाटेत आल्याने आपल्याला अडथळा झाला, अशी तक्रार हॅनलनने केली. तीत काही तथ्य असेलही. पण नदीकाठच्या बहुतेकांना त्या दिवशी श्रेष्ठ कोण ठरला, ह्याविषयी शंका नव्हती.

आता हॅनलन काय करतो, इकडे सर्वांचे लक्ष लागले. तो निमूटपणे घरी जाऊन बसला असता, तरी त्याचे नाव राहिले असते. पण त्याने बीचला पुन्हा आव्हान दिले. १८८५ सालच्या मार्च महिन्यात त्याच पॅरामॅटा नदीवर दुसरी शर्यत झाली, आणि तो पुन्हा हरला. १८८७ साली नोव्हेंबरात नेपियन नदीवर तिसरी झाली. तीही बीचने जिंकली. त्यानंतर बीच अजिंक्य राहूनच निवृत्त झाला आणि त्याचे पद पीटर केम्पकडे आले. १८८८ साली हॅनलनने केम्पला दोनदा आव्हान दिले. दोन्ही वेळा त्याच्या पदरी पराभवच आला. वय तेहतीस झाले होते. थेम्सवर मौज करीत जिंकणारा हाच तो हॅनलन. पण ज्या नदीवर त्याला यश लाभत नव्हते, तिच्यावर तो पुनःपुन्हा उतरत राहिला. ऑस्ट्रेलियन लोकांना ह्याचे मोठे अप्रूप वाटले. तो त्या देशात असतानाच सिडनीच्या उत्तरेस मॅक्वारी सरोवराच्या काठी एक नवी वसाहत वसत होती. तिला त्याच्या सन्मानार्थ त्याच्या गावाचे नाव देण्यात आले. कॅनडापासून हजारो मैलांवर टोरांटो नावाचे हे गाव आजही आहे.

जगज्जेतेपद पुन्हा कॅनडाकडे आले, ते १८९६ साली; पण ते आणले जेकब गॉडोर ह्याने, हॅनलनने नव्हे. तोवर पैजेच्या शर्यतींना उतरती कळा लागली होती. ठरवून हरण्याचे प्रकार लोकांना असह्य झाले, जुगाऱ्यांनी खेळ नासवला, आणि लोकांची आवड दुसऱ्या खेळांकडे वळली. हॅनलनने मात्र पाणी सोडले नाही. १८९७ साली टोरांटो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तो वल्हवायला शिकवू लागला, आणि १९०० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्याला आपला शिक्षक नेमले. मौज अशी की, ज्याच्या होड्या कापल्या गेल्या होत्या तो कोर्टनी ह्याच वेळी कॉर्नेल विद्यापीठाचा नौकाशिक्षक होता आणि त्या कामात त्याने फार मोठे नाव मिळवले. ज्या स्पर्धांत ह्या दोघांना खेळाडू म्हणून कोणी उभे केले नसते, त्या स्पर्धांसाठी विद्यार्थी तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. टोरांटोच्या नागरिकांनी हॅनलनला शहराच्या नगरमंडळावरही निवडून दिले होते.

१९०८ सालच्या आरंभी त्याला फुफ्फुसदाहाने गाठले आणि ४ जानेवारीस त्याचे देहावसान झाले. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. भर हिवाळा असूनही हजारो लोक त्याच्या अंत्यदर्शनाला आले. १९२६ साली टोरांटो येथे त्याचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. पुढे तो पुतळा शहरातून हलवून बेटावर नेण्यात आला. बंदर ओलांडून येणाऱ्या नावा जेथे लागतात, त्या पश्चिमेकडील धक्क्याला हॅनलन कुटुंबाचेच नाव आहे. ज्या पाण्यातून कोळ्याचा मुलगा शाळेला जात असे, ते पाणी पुतळ्यापासून अगदी जवळ आहे.